काटा, काटकसर आणि कोगनोळी

मोटारगाडी रस्त्यात बंद पडण्याची जी अनेक कारणे सांगितली जातात, त्यांत इंधन संपणे हे कारण एका बाबतीत इतरांहून सर्वस्वी वेगळे आहे, आणि ते वेगळेपण असे की या प्रसंगी गाडी पूर्णपणे निर्दोष असते. पंख्याचा पट्टा तुटला तर तो बनविणाऱ्याला बोल लावता येतो, टायर फुटला तर रस्ता बांधणाऱ्याला आणि इंजिन तापले तर वैशाखाला. टाकी कोरडी पडली असता मात्र चौकशीचा रोख कितीही वळवला तरी तो अखेर चालकाच्या आसनापाशीच येऊन थांबतो. त्यामुळेच की काय, पेट्रोल संपले हे सोपे निदान उच्चारण्यापूर्वी शहाणीसुरती माणसेही खाली उतरतात, बॉनेट उघडतात, आत बराच वेळ पाहतात, एखादी वायर हलवून बघतात आणि प्लग काढण्याचा पाना शोधू लागतात. गाडी जितकी देखणी आणि दुर्मीळ, तितका हा विधी लांबतो, कारण साध्या गाडीच्या मालकाची पेट्रोल संपल्याने केवळ गैरसोय होते, तर क्लासिक स्पोर्ट्स कारच्या मालकाची अप्रतिष्ठा होते. प्रस्तुत लेखात या अप्रतिष्ठेचा विचार कोगनोळी या सीमेवरील गावाच्या संदर्भात करावयाचा असून, टाकी रिकामी होण्याचे मूळ यंत्रात नसून काटकसरीत आहे आणि गाडी जितकी मोलाची तितकी तिला थांबविणारी बचत किरकोळ असते, हे त्यातून दाखवावयाचे आहे.

प्रारंभी संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. स्पोर्ट्स कार म्हणजे दोनच माणसांची सोय असलेली, जमिनीलगत बसकी, वजनाने हलकी आणि बहुधा कापडी छपराची अशी मोटार, जिच्यात वेगाला जागा असते परंतु सामानाला, सासूबाईंना आणि पावसाळ्याला नसते. 'क्लासिक' हे विशेषण लोकव्यवहारात सैलपणे वापरले जात असले, तरी जुन्या गाड्यांची व्याख्या कायद्याने केलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' ठरतात, त्यांच्या नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क पडते आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. अशी वाहने रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई असून, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येतात. या यादीतील शेवटचे कारण अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण घरातून निघून पंपापर्यंत जाणे, तेथे पेट्रोल भरणे, ते घरी पोहोचेपर्यंत जाळणे आणि पुढच्या रविवारी पुन्हा पंपाकडे निघणे, हे वर्तुळ या नियमाच्या चौकटीत संपूर्णपणे कायदेशीर ठरते, आणि अनेक मालकांचे आयुष्य प्रत्यक्षात याच वर्तुळात जाते.

मराठी समाजाला अशा गाड्यांचा परिचय प्रथम संस्थानिकांमुळे झाला. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३६ च्या सुमारास तयार झालेली अमेरिकन ड्यूसेनबर्ग ही नारिंगी आणि काळ्या रंगाची, सुपरचार्जर बसविलेली, सुमारे सात लिटर क्षमतेच्या आठ सिलिंडरी इंजिनाची आणि ३२० अश्वशक्तीची दोन आसनी मोटार जगभरच्या जाणकारांत आजही नावाजली जाते. (सुपरचार्जर म्हणजे इंजिनात दाबाने अधिक हवा कोंबणारे उपकरण, हवा अधिक म्हणजे पेट्रोल अधिक, आणि पेट्रोल अधिक म्हणजे खजिनदाराची झोप कमी, असा त्याचा व्यवहार असतो.) कोल्हापूरच्या छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक ही स्पोर्ट्स कार नव्हे, मिरवणुकीची गाडी होय, ती दरवर्षी विजयादशमीला शाही लवाजम्यात दसरा चौकात येते, आणि तिचा मार्ग परंपरेने इतका निश्चित व आखूड ठरविलेला आहे की त्यात टाकी रिकामी होण्याचा संभवच उरत नाही. राजांच्या गाड्या पेट्रोलअभावी थांबल्याच्या कथा फारशा ऐकू येत नाहीत, याचे कारण राजे सावध होते असे नसून, पेट्रोल भरणे हे काम त्यांच्याकडे नव्हते. संस्थाने विलीन झाली, गाड्या हौशी कारखानदारांकडे, डॉक्टरांकडे आणि बिल्डरांकडे आल्या, आणि त्यांच्याबरोबर लवाजमा मात्र आला नाही. येथून पुढे काट्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी आणि पेट्रोलचे पैसे देण्याची जबाबदारी एकाच माणसावर आली, आणि अनर्थाला सुरुवात झाली.

आता स्थानाचा विचार करू. पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ४ होता आणि नव्या क्रमवारीत ४८ झाला, कोल्हापूर सोडून कागलवरून पुढे गेला की दूधगंगा नदी लागते आणि पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होतो. तेथले पहिले ठळक ठिकाण म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील कोगनोळी. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून येथे घरातली बोली मराठी आणि सरकारी दप्तर कन्नड असा संसार चालू आहे. वाहने थांबविण्याची या गावाची परंपरा मोठी आहे. येथे टोलनाका आहे, त्यामुळे गाडी थांबते. येथे तपासणी होते, त्यामुळे मालमोटार थांबते. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन आणि त्याच्या विरोधात महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा असला की कोल्हापूरकडून निघालेले पुढारी येथे थांबविले जातात. आणि २०२१ मध्ये, महामारीच्या काळात, आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल सोबत नसलेले सामान्य प्रवासीही येथून माघारी पाठविले गेले. कर, कायदा, राजकारण आणि रोगराई या चारही शक्तींनी ज्या ठिकाणी माणसाला ब्रेक लावायला भाग पाडले, त्या ठिकाणी स्वतःच्या हिशेबाने थांबणारा मनुष्य हा पाचवा आणि एकमेव स्वयंस्फूर्त प्रकार होय.

हा हिशेब पेट्रोलच्या दराचा असतो. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला तरी पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर ठेवण्यात आले, त्यामुळे केंद्राच्या उत्पादन शुल्कावर प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर किंवा मूल्यवर्धित कर (ज्याला बोलण्यात सर्वजण व्हॅट म्हणतात) बसविते, आणि एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच पेट्रोलचे दोन भाव असू शकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी घटविले, त्यावर कर्नाटकाने स्वतःच्या करातून आणखी ७ रुपये उतरविले, आणि महाराष्ट्राने स्वतःची वेगळी कपात जुलै २०२२ पर्यंत केली नाही. या मधल्या महिन्यांत दूधगंगेच्या दोन्ही तीरांवरील दरांत लिटरमागे नऊ-दहा रुपयांच्या आसपास अंतर होते, आणि कागल, कोल्हापूरकडील वाहनांची कर्नाटकातल्या पंपांवर रीघ लागली होती. पुढे जून २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवून पेट्रोलवर लिटरमागे सुमारे ३ रुपयांची भर घातली, तेव्हा ही दरी बरीचशी बुजली. दरी बुजली म्हणून सवय मोडली असे मात्र झाले नाही, कारण स्वस्ताईची कीर्ती स्वस्ताईपेक्षा अधिक काळ टिकते, हा बाजाराचा जुना अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्याहून किंवा कोल्हापुरातून दक्षिणेकडे निघालेल्या क्लासिक स्पोर्ट्स कारच्या मालकाची मनःस्थिती अभ्यासली असता तिच्यात ठरावीक पायऱ्या आढळतात. कोल्हापूरच्या अलीकडे, काटा पावावर असताना, पुढे कर्नाटकात टाकू, असे तो सहजपणे म्हणतो. शिरोलीच्या पुढे हे वाक्य निश्चयाचे होते. कागलजवळ काटा तळाला टेकतो, डाव्या हाताला पंप दिसतो, पंपावरचा मुलगा हातानेच बोलावतो, शेजारच्या आसनावरील पत्नी किंवा मित्र मानेने पंपाकडे निर्देश करतो, आणि नेमक्या याच क्षणी तो निश्चय तत्त्वाचे रूप घेतो. येथे थांबणे म्हणजे मागचा सारा प्रवास वाया गेला असे त्याला वाटते, कारण त्याने आत्तापर्यंत टाळलेला प्रत्येक पंप हा त्याच्या हिशेबवहीत जमेच्या बाजूला लिहिलेला असतो. पन्नास लिटरांच्या टाकीवर दराचा फरक अगदी उत्तम काळातही पाचशे रुपयांच्या पुढे जात नव्हता. ज्या गाडीच्या मागच्या दिव्याची काच विलायतेहून मागविताना त्याने याहून कितीतरी अधिक रक्कम केवळ टपालखर्चाला दिलेली असते, ती गाडी तो या पाचशे रुपयांसाठी पणाला लावतो. येथे कंजूषपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. काच मागविणे ही हौस आहे आणि पेट्रोल भरणे हा खर्च आहे, आणि मराठी गृहस्थ हौसेचा हिशेब ठेवत नाही व खर्चाचा सोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या हिशेबाला जुन्या गाडीचा काटा मनापासून साथ देतो. इंधनमापकाची रचना सोपी असते. टाकीत एक तरंगणारा पोकळ गोळा असतो, पेट्रोल खाली गेले की त्याची दांडी खाली जाते, दांडीच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातील विद्युतरोध त्यानुसार बदलतो आणि समोरच्या तबकडीवर काटा सरकतो. परंतु साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत गोळ्याला भोक पडलेले असते, वेटोळे झिजलेले असते आणि काट्याला स्वतःचे मत आलेले असते. चढावर तो एक सांगतो, उतारावर दुसरे आणि वळणावर तिसरे, आणि मालक या तिहींपैकी सर्वांत आशादायक तेवढे ग्राह्य धरतो. कित्येक गाड्यांत तर काटाच नव्हता. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजारांच्या संख्येने बनलेल्या एमजी टीसी या प्रसिद्ध ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये इंधनमापक नसून, टाकीत दोन-तीन गॅलन उरले म्हणजे पेटणारा एक दिवा होता. पोर्शेच्या अगदी आरंभीच्या ३५६ गाड्यांत लाकडी पट्टी टाकीत बुडवून पेट्रोल मोजावे लागे, आणि फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्याऐवजी राखीव पेट्रोलचा खटका असे. लांबलचक बॉनेट, तारांची चाके आणि चामड्याची आसने यांवर एवढा खर्च करणाऱ्या कारखान्यांना पेट्रोल किती आहे हे सांगणे गौण वाटले, यावरून या गाड्या कोणत्या स्वभावाच्या माणसांसाठी बनविल्या गेल्या हे उघड होते.

राखीव पेट्रोलाच्या कल्पनेने तर मराठी मनाची जडणघडणच केली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेल्या बजाज चेतक स्कूटरला काटा नव्हता. आसनाखाली एक तोटी होती आणि तिला चालू, बंद व रिझर्व्ह अशा तीन अवस्था होत्या. चालता चालता स्कूटर अडखळली की तोटी रिझर्व्हवर फिरवावयाची, आणि रिझर्व्हही संपले की स्कूटर एका अंगाला आडवी करून टाकीच्या कोपऱ्यातले घोट-दोन घोट पेट्रोल तोटीकडे आणावयाचे, हे शिक्षण एका संपूर्ण पिढीने घेतले. परिणामी या पिढीच्या मनात शून्य ही संख्या कधीही खरी नसते. शून्याच्या खाली रिझर्व्ह असते आणि रिझर्व्हच्या खाली स्कूटर आडवी करण्याची सोय असते. पुढे या पिढीतल्या यशस्वी लोकांनी स्पोर्ट्स कार घेतल्या तेव्हा हे तत्त्वज्ञान त्यांच्याबरोबर आले, आणि साडेआठशे किलोंची गाडी आडवी करता येत नाही ही गोष्ट त्यांना बहुधा कोगनोळीच्या अलीकडे समजली.

प्रत्यक्ष घटना काही लक्षणांनी सुरू होते. अनेक ब्रिटिश गाड्यांत टाकीतून पेट्रोल उचलून कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भांड्याला, पोहोचविण्यासाठी एसयू नावाचा विद्युत पंप असतो. पेट्रोल भरपूर असताना तो अधूनमधून टिकटिकतो. टाकी कोरडी झाली की हवाच ओढली जाऊ लागते आणि तो टिकटिक थांबवेनासा होतो. मालकाला हा आवाज ऐकू येतो, परंतु तो त्याचा अर्थ पंप जोमाने काम करीत आहे असा लावतो. त्यानंतर इंजिन एकदा खोकते, आणि याला मालकाचे उत्तर कचरा आला असेल हे असते. हे उत्तर सर्वस्वी चूक नसते. टाकीच्या तळाशी गंज, गाळ आणि पाणी साचलेले असते, आणि आता पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे पाणी शोषले जाऊन ते तळाशी वेगळे होण्याचा धोका वाढला आहे. मात्र तळाचा कचरा इंजिनापर्यंत पोहोचण्यासाठी मुळात तळ गाठावा लागतो, हा तर्काचा शेवटचा दुवा त्या क्षणी जोडला जात नाही. मग गाडीला गती असेतो ती न्यूट्रलमध्ये सोडली जाते. निपाणीच्या पलीकडील तवंदी घाटात पेट्रोल वाचविण्यासाठी हा प्रयोग वर्षानुवर्षे चालत आला आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने थोडीफार बचत होते हे खरे, परंतु ब्रेकवर पडणारा भार पाहता घाटात तो जीवघेणा ठरू शकतो, आणि नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर गियरमध्ये ठेवून उतरताना पेट्रोलचा पुरवठा आपोआप बंद होत असल्याने न्यूट्रलमध्येच पेट्रोल अधिक जळते. सपाटीवर मात्र न्यूट्रलचा उपयोग एकच: मानहानीची जागा स्वतः निवडता येते.

ही जागा पुष्कळदा टोलनाक्याची रांग असते, आणि तेथे गैरसमजाला आणखी एक पदर चढतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग, म्हणजे खात्यातून टोल आपोआप वळता करणारी चिकटपट्टी, सक्तीची झाली. ती पुढच्या काचेवर लावावयाची असते, आणि एमजी टीसीसारख्या गाडीची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येत असल्याने चिकटपट्टी आकाशाकडे तोंड करून पडते. अशी गाडी रांगेत निपचित उभी राहिली की मागचे वाहनचालक पेट्रोलचा विचारही करीत नाहीत. फास्टॅगमधले पैसे संपले असा निष्कर्ष काढून ते हॉर्न वाजवू लागतात. एवढ्या रुबाबदार गाडीच्या खात्यात टोलपुरतेही पैसे नसावेत, ही शंका पेट्रोल संपल्याच्या सत्याहून अधिक बोचरी असल्याने मालकाला नाइलाजाने सत्य सांगावे लागते. सत्य प्रथमच जाहीर होते ते अशा प्रकारे, मोठ्या बदनामीपासून वाचण्यासाठी पत्करलेली लहान बदनामी म्हणून.

गाडी रस्त्याच्या कडेला ढकलली गेली की लोक जमतात. कोल्हापूर आणि निपाणी परिसरात यंत्रांविषयीचे ज्ञान घरोघर असते, कारण एका बाजूला कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथ आणि फाउंड्र्या, तर दुसऱ्या बाजूला शेतातील इंजिने, पंप आणि ट्रॅक्टर यांच्या सहवासात माणसे वाढलेली असतात. त्यामुळे जमलेल्यांपैकी निम्म्यांना मालकापेक्षा अधिक कळत असते. त्यांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. पहिला प्रश्न "कुठली गाडी म्हणायची ही?", दुसरा "केवढ्याला पडली?" आणि तिसरा "ॲव्हरेज किती देती?" असा असतो, पैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मालक एरवी वाढवून सांगतो, परंतु या प्रसंगी ते सांगण्यात अर्थ उरलेला नसतो. मालक मग कार्ब्युरेटर, कॉइल आणि पॉइंट यांविषयी बोलू लागतो, मंडळी आदराने ऐकून घेतात, आणि अखेर मागे उभा असलेला, टोपी घातलेला एखादा वृद्ध शेतकरी शांतपणे विचारतो, "साहेब, गाडीत तेल हाय न्हवं? ते बघा की आधी." या भागात पेट्रोल आणि डिझेल या दोहोंनाही सरसकट तेल म्हणतात. या एका वाक्यानंतर बॉनेट बंद होते. त्यापुढची वागणूक मात्र पूर्णतः सौजन्याची असते; कोणी हसत नाही, निदान साहेबांच्या समोर हसत नाही, आणि "हुतंय वो असं" म्हणून त्यांचे समाधानही केले जाते. तेवढ्या वेळात चार-पाच जण स्टिअरिंगवर बसून फोटो काढून घेतात, आणि न धावणाऱ्या गाडीचा उपयोग धावणाऱ्या गाडीपेक्षा गावाला अधिक होतो.

पेट्रोल आणण्याचा प्रश्न यानंतर उभा राहतो आणि तो कायद्याचा आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोल हे 'अ' वर्गात, म्हणजे २३ अंश सेल्सियसखालीच ज्याची वाफ पेट घेऊ शकते अशा द्रवांत मोडते. विक्रीसाठी नसलेले असे पेट्रोल परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत बाळगता येते, परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या पात्रात असावे लागते. काचेचे वा चिनी मातीचे पात्र एक लिटरहून आणि धातूचे पंचवीस लिटरहून मोठे चालत नाही. याचा अर्थ असा की अधिनियमाच्या दृष्टीने लोणच्याची रिकामी बरणी हे पेट्रोल आणण्याचे मान्यताप्राप्त साधन ठरू शकते, आणि ज्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीतून ते सर्वत्र आणले जाते ती मात्र या यादीत नाही. मदतीला निघालेला तरुण मोटारसायकलवर रिकामी बाटली घेऊन जातो, पंपावर नकार ऐकतो, परत येऊन पत्र्याचा डबा शोधतो आणि पुन्हा जातो. दुसरा मार्ग नळीचा. मोटारसायकलच्या टाकीत नळीचे एक टोक सोडून दुसरे टोक तोंडाने ओढले आणि खाली धरले की हवेच्या दाबामुळे पेट्रोल आपोआप वाहू लागते, परंतु या पद्धतीत पहिला घोट प्रयोगकर्त्याच्या वाट्याला येतो व तो विषारी असल्याने ती कोणीही अवलंबू नये. या सगळ्यातील क्रूर गोष्ट अशी की गाडी पुलाच्या अलीकडे थांबली असेल तर जवळचा पंप बहुधा मागे, महाराष्ट्रातच असतो. ज्या दरापासून बचाव करण्यासाठी सारा खटाटोप केला, त्याच दराने, डब्याचे, मोटारसायकलच्या फेऱ्यांचे आणि जमलेल्या मंडळींच्या चहाचे पैसे वर देऊन, पहिले लिटर विकत घ्यावे लागते. आणि असे मिळालेले पेट्रोल त्या दिवशी दोन्ही राज्यांतील सर्वांत महाग पेट्रोल असते.

अशा वेळी गाडीभोवतालचा देखावाही मालकाच्या फजितीत भर घालणारा असतो. दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, आणि कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने इथेनॉल बनवितात. देशात जून २०२२ मध्ये पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि वीस टक्क्यांचे जे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी होते ते २०२५ मध्येच गाठण्यात आले. म्हणजे इंधनात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा काही वाटा ज्या पिकातून येतो, ते पीक हाताच्या अंतरावर डुलत असताना गाडी इंधनावाचून उभी असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने अशा मिश्रणावर गाडी थोडी कमी धावते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर त्याने खराब होऊ शकतात. त्यामुळे कोगनोळीला थांबलेल्या मालकाला उसाकडे बोट दाखवून सरकारी धोरणावर बोलण्याची संधी मिळते. परंतु ऐकणारे सगळे ऊसकरी असल्याने हे भाषण फार वेळ चालत नाही.

मालकाच्या सांत्वनासाठी इतिहासात मात्र मोठी नावे सापडतात. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्टा बेन्झ या बाईंनी नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना सोबत घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा जो प्रवास केला, तो जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास मानला जातो. त्यातही वाटेत इंधन कमी पडले आणि वीसलॉख गावातील औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे द्रव घ्यावे लागले. तेव्हा मोटारीच्या इतिहासात पेट्रोल पंपाच्या आधी पेट्रोल संपणे आले. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंग येथे शर्यतीच्या शेवटच्या फेरीत जॅक ब्रॅबम यांच्या कूपर गाडीतील पेट्रोल संपले. ते उतरले, त्यांनी गाडी काही शे मीटर ढकलत नेऊन चौथ्या क्रमांकाने रेषा ओलांडली आणि त्याच दिवशी ते जगज्जेते ठरले. १९९१ च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये आयर्टन सेना यांचे पेट्रोल अखेरच्या फेरीत संपले, आणि विजेते नायजेल मॅन्सेल यांच्या गाडीवर बसून ते परत आले. जर्मनीत हीच घटना महामार्गावर घडली तर दंड होतो, कारण तेथे विनाकारण थांबण्यास मनाई आहे आणि पेट्रोल संपणे हे टाळता येण्याजोगे कारण मानले जाते. जर्मन कायद्याला दूधगंगेचे अर्थशास्त्र माहीत नाही, एवढेच यावर म्हणता येईल. एक भेद मात्र नोंदविला पाहिजे. शर्यतीच्या गाडीत कमी पेट्रोल बाळगले जाते ते गाडी हलकी राहून वेग वाढावा म्हणून, आणि कोगनोळीचा मालक कमी पेट्रोल बाळगतो ते पाकीट जड राहावे म्हणून.

या विवेचनातून एक सिद्धान्त मांडता येतो. कोगनोळीच्या परिसरात इंधनाअभावी थांबलेली हौशी गाडी दक्षिणेकडे तोंड करूनच उभी असणार. उत्तरेकडे, म्हणजे महाराष्ट्राकडे, निघालेली गाडी या कारणाने येथे थांबत नाही, कारण तिचा मालक सीमा ओलांडण्यापूर्वी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतो. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही तो "अजून थोडं बसतंय" म्हणून आग्रह करतो, गाडी हलवून फेस खाली बसवितो आणि वर आणखी अर्धा लिटर बसवितो. सिद्धान्ताची दुसरी बाजू येथे सुरू होते. पंपाच्या जमिनीखालील टाकीतले पेट्रोल थंड असते, उन्हात उभ्या गाडीची पत्र्याची टाकी तापलेली असते, आणि पेट्रोल दर अंश सेल्सियसला साधारण हजारात एक भाग या प्रमाणात प्रसरण पावते. पन्नास लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापले की सुमारे अर्धा लिटर वाढते. नव्या गाड्यांत या वाढीसाठी आणि वाफेसाठी मोकळी जागा व बंदिस्त व्यवस्था ठेवलेली असते; जुन्या स्पोर्ट्स कारला टाकीच्या झाकणाशिवाय दुसरी वाट नसते. त्यामुळे अट्टाहासाने बसविलेला तो अर्धा लिटर दूधगंगेचा पूल ओलांडता ओलांडता झाकणातून पाझरतो, मागच्या रंगावर डाग पाडतो आणि महाराष्ट्राच्या डांबरावर सांडतो. दराचा फरक दोन-तीन रुपयांवर आला असेल तर पन्नास लिटरांवर झालेल्या बचतीचा निम्मा ते तिसरा हिस्सा, आणि फरक त्याहून कमी असेल तर जवळपास सगळी बचत, या डागातच जिरते; राहिलेली बचत डाग घालविण्याच्या पॉलिशला पुरत नाही. पॉलिश मात्र लगेच, आणि भाव न विचारता, घेतले जाते, कारण ती हौस आहे.